‘सुरू झाला’ म्हणजे ‘जुळला’ नव्हे

सर्व्हरवर चालणाऱ्या शोध-सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत इन्स्टॉलेशनच्या आधी पूर्वअटींचे पान असते. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, जावाची कोणती आवृत्ती, कर्नलच्या कोणत्या मर्यादा वाढवायच्या, किती जुना इंडेक्स वाचता येईल, हे सारे त्यात असते. सोलर, इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्च ही या क्षेत्रातली तीन मोठी नावे. तिन्हींचा गाभा एकच आहे: डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेली आणि २००१ पासून अपाचे फाउंडेशनकडे असलेली ल्युसीन ही जावा लायब्ररी. त्यामुळे तिन्हींच्या अटी बऱ्याच सारख्या आहेत, आणि त्या अटींविषयीचे गैरसमजही सारखेच आहेत.

पूर्वअटींचे हे पान उत्पादकाने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेले असते, असे मानणारे पुष्कळ आहेत. जावा कुठेही चालते, मग आवृत्तीचा बाऊ कशाला? नवी आवृत्ती जुनीपेक्षा चांगलीच असणार. सर्व्हर सुरू झाला, दोन-चार शब्द शोधले, निकाल आले, की काम झाले. शंका उरलीच तर सगळे कंटेनरमध्ये टाकावे. ही मते मांडणारे बहुधा अननुभवी नसतात. वर्षानुवर्षे सर्व्हर सांभाळणारे लोकच असे बोलतात आणि त्यांच्या शब्दावर नवे लोक चालतात. म्हणून या मतांना नुसते चूक म्हणून भागत नाही. ती कुठे आणि का मोडतात हे दाखवणे भाग आहे.

पहिला दावा जावाचा. एकदा लिहावे आणि कुठेही चालवावे, हे जावाचे जुने वचन आहे. भाषेच्या पातळीवर ते बरेचसे खरेही आहे. पण सर्व्हरवर जे चालते ती नुसती भाषा नसते. जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारी आभासी यंत्रणा, प्रोग्राम चालू असतानाच त्यातला वारंवार लागणारा भाग यंत्रभाषेत उतरवते, आणि ते करताना त्यात अनेक सुधारणा करते. या सुधारणांमध्ये चूक असेल तर प्रोग्रामचा मजकूर अचूक असूनही उत्तर चुकते. २८ जुलै २०११ रोजी जावा ७ प्रसिद्ध झाली तेव्हा नेमके हेच घडले. लूप वेगवान करणाऱ्या सुधारणेत दोष होता. त्यामुळे इंग्रजी शब्दांचे मूळ रूप काढणारा ल्युसीनमधला पोर्टर स्टेमर चालताना जेव्हीएम कोसळत असे, आणि काही ठिकाणी ती न कोसळता इंडेक्समध्ये चुकीचा मजकूर लिहिला जाण्याचा धोका होता. ल्युसीन प्रकल्पाने त्याच दिवशी जाहीर इशारा दिला: जावा ७ वापरू नका. दोष प्रकाशनाच्या पाचच दिवस आधी सापडल्यामुळे ऑरॅकलला तो दुरुस्त करायला वेळ मिळाला नाही, असेही त्या इशाऱ्यात म्हटले होते. जावा ६ वर राहिलेलेही पूर्ण सुरक्षित नव्हते. ज्यांनी वेग वाढवण्यासाठी तिथे काही जादा पर्याय चालू केले होते, त्यांनाही त्या दोषाची बाधा होती.

दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये आली, पण तेवढ्याने प्रकरण संपले नाही. जावा ७ च्या अपडेट ४० पासून आणखी एक दोष शिरला. त्यानेही इंडेक्स बिघडत होता आणि अपडेट ५५ येईपर्यंत तो टिकून होता. म्हणजे एखाद्याने ‘जावा ७’ एवढीच अट पाळली आणि अपडेटचा क्रमांक पाहिला नाही, तर अट पाळूनही त्याचा इंडेक्स धोक्यात होता. अपडेट क्रमांकापर्यंत जाणारी बारीक अट पाहून अनेकांना चीड येते. तिच्यामागे हा इतिहास आहे. इलॅस्टिकसर्चने तर अशा सदोष जेव्हीएमची यादी प्रोग्राममध्येच ठेवली होती, आणि तशी जेव्हीएम आढळली तर सर्व्हर सुरूच होत नसे. जावा ८ मध्येही अपडेट ४० च्या आधी जी-वन हा कचरा-संकलक (वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) वापरला तर इंडेक्स बिघडू शकत होता. त्यासाठीही वेगळी तपासणी होती.

‘सुरू झाला, शोधून पाहिले, निकाल आले’ या कसोटीचा फोलपणा इथेच कळतो. त्या काळच्या हॉटस्पॉट जेव्हीएमचा सर्व्हर कंपायलर एखादी पद्धत (मेथड) साधारण १०,००० वेळा चालल्यानंतर तिच्याकडे वळत असे. तोवर तीच पद्धत इंटरप्रिटरमधून, सावकाश पण बरोबर चालत असे. इन्स्टॉल करणारा माणूस पन्नास दस्तऐवज घालतो, चार शब्द शोधतो आणि समाधानाने उठतो. सदोष यंत्रभाषा तोवर तयारच झालेली नसते. ती तयार होते खरा डेटा भरायला लागल्यावर, म्हणजे चाचणी संपल्यानंतर. लहान चाचणीत हा दोष दिसणे जवळजवळ अशक्य होते, आणि तरी त्या चाचणीलाच पुरावा मानले जाते.

याहून गंभीर मुद्दा असा की शोध-यंत्राची चूक चुकीसारखी दिसत नाही. बँकेच्या प्रणालीत बेरीज चुकली तर खातेदार तक्रार करतो. शोधात एक शब्द चुकीच्या रूपात नोंदला गेला, तर तो दस्तऐवज निकालांत येत नाही, एवढेच होते. शोधणाऱ्याला वाटते की असा दस्तऐवज नाहीच. मराठी मजकुरात हे सहज पाहता येते. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो, दिसतो मात्र एकच. ल्युसीनमधली हिंदीसाठीची सामान्यीकरणाची गाळणी हा फरक पुसते. पण इंडेक्स तयार करताना ती नसेल आणि शोधताना असेल, तर मजकूर समोर असूनही सापडत नाही, आणि लॉगमध्ये चुकीची एक ओळही येत नाही. सोलरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ल्युसीनची जुळणारी आवृत्ती लिहून ठेवण्याची सोय आहे ती याचसाठी. विश्लेषणाचे वागणे आवृत्तीनुसार बदलते, आणि इंडेक्स ज्या नियमाने बांधला त्याच नियमाने शोध व्हावा लागतो.

यावर उत्तर दिले जाते की आता ल्युसीन प्रत्येक फाइलची चेकसम ठेवते, मग बिघाड कळेलच. ही सोय २०१४ च्या ४.८ आवृत्तीपासून आहे आणि ती मोलाची आहे. पण चेकसम एवढेच सांगते की लिहिलेले बाइट नंतर बदललेले नाहीत. लिहिण्याआधीच हिशेब चुकला असेल, तर चुकीच्या मजकुराची चेकसम अगदी बरोबर येते. डिस्कचा दोष तिला दिसतो, कंपायलरचा दिसत नाही.

दुसरा दावा: नवी आवृत्ती चांगलीच, म्हणून किमान अट पाळली की वर कितीही जाता येते. जावाचा गेल्या काही वर्षांचा प्रवास याच्या विरुद्ध साक्ष देतो. जावा ९ ने कचरा-संकलनाच्या नोंदींची पद्धत बदलली आणि जुने अनेक पर्याय काढून टाकले. ते पर्याय कॉन्फिग फाइलमध्ये राहिले असतील तर जेव्हीएम ओळखता न आलेल्या पर्यायाची तक्रार करून तिथेच थांबते. जावा १४ ने सीएमएस हा संकलकच काढला, जो तोवर इलॅस्टिकसर्चचा ठरलेला संकलक होता. म्हणून त्यांच्या जेव्हीएम पर्यायांच्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला आवृत्तीचे आकडे दिसू लागले: ८ ते १३ साठी सीएमएस, १४ पासून पुढे जी-वन. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ ने सिक्युरिटी मॅनेजर कायमचा बंद केला. प्लगइनला सर्व्हरच्या फाइल आणि नेटवर्कपासून रोखण्यासाठी इलॅस्टिकसर्च व ओपनसर्च याच यंत्रणेवर वर्षानुवर्षे विसंबून होते. दोघांनाही तिला पर्याय उभा करावा लागला. तो पर्याय नसलेली जुनी आवृत्ती जावा २४ वर टाकणाऱ्याला नवेपणाचा कोणताही लाभ मिळणार नव्हता.

हे बदल निदान ढोल वाजवून येतात. काही बदल मुकाट येतात. जावा ९ ने तारखा, महिने आणि वारांची नावे यांसाठी सीएलडीआर हा डेटा मूळ धरला, आणि जावा २३ ने जुना डेटा पूर्णपणे काढला. त्या डेटाच्या नव्या आवृत्त्यांत ब्रिटिश इंग्रजीतला सप्टेंबरचा संक्षेप तीन अक्षरांवरून चार अक्षरांचा झाला. लॉगमधल्या तारखा महिन्याच्या नावावरून वाचणारी एखादी प्रणाली अशा बदलाने सप्टेंबरात अडखळते आणि बाकीचे महिने सुरळीत चालते. जेव्हीएमची आवृत्ती हा शोधाच्या अर्थाचा भाग आहे, हे यावरून पटायला हरकत नाही.

शिवाय किमान अटही स्थिर नसते. ल्युसीन ९ ला जावा ११ पुरत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ल्युसीन १० ला जावा २१ लागते. इलॅस्टिकसर्च ८ ने २०२२ मध्ये जावा १७ मागितली. त्या आधीच, एप्रिल २०१९ मधल्या ७.० पासून, त्यांनी जावा सोबतच द्यायला सुरुवात केली होती. हा निर्णय योग्य होता. वापरणाऱ्याने कुठली जावा घ्यावी हा प्रश्न त्याच्यावर सोडण्यापेक्षा तपासलेली जोडी देणे केव्हाही बरे. पण यावरून ‘आता सुसंगतीचा प्रश्नच मिटला’ असा निष्कर्ष काढला जातो, तो चूक आहे. सोबत आलेली जावा कर्नल सोबत आणत नाही.

लिनक्स कर्नलची एक मर्यादा या संदर्भात सर्वांत जास्त त्रास देते. एका प्रक्रियेला मेमरीत किती नकाशे उभारता येतील याची ती मर्यादा, मॅक्स मॅप काउंट. बहुसंख्य वितरणांत तिची मूळ किंमत ६५,५३० असे. इलॅस्टिकसर्चने अनेक वर्षे किमान २,६२,१४४ मागितले. हा आकडा मनमानी वाटतो, पण त्याचे कारण ल्युसीनच्या रचनेत आहे. ६४ बिटच्या यंत्रावर ल्युसीन इंडेक्सच्या फाइल वाचत बसत नाही, त्या थेट मेमरीच्या पत्त्यांवर नकाशित करते आणि कॅशिंगचे काम कर्नलवर सोडते. इंडेक्स अनेक सेगमेंटचा, सेगमेंट अनेक फाइलींचा, आणि मोठी फाइल अनेक तुकड्यांत नकाशित होते. एका नोडवर काही शे शार्ड (इंडेक्सचे वाटून ठेवलेले भाग) असले की ही संख्या भराभर वाढते. मर्यादा संपली की ‘मॅप फेल्ड’ अशी मेमरी संपल्याची चूक येते, आणि ती येते तेव्हा रॅम अर्धी मोकळीही असू शकते. ही चूक वाचून हीप, म्हणजे जावासाठी राखलेली मेमरी, वाढवणारे लोक प्रश्न आणखी बिकट करतात, कारण हीप जितका मोठा तितकी कर्नलच्या फाइल-कॅशला जागा कमी. अलीकडे फेडोरा ३९ आणि उबुंटू २४.०४ यांनी ही मूळ किंमत १०,४८,५७६ केली. फेडोरात हा बदल झाला तो विंडोजवरचे गेम लिनक्सवर चालताना याच मर्यादेला आपटत होते म्हणून. शोध-सर्व्हरवाल्यांचे काम त्यामुळे आपसूक झाले.

उघड्या फाइलींची मर्यादा ही याची जोडीदार. अनेक लिनक्स यंत्रणांत ती १,०२४ असते, मागणी ६५,५३५ ची असते. ती संपली तर शोध थांबण्यावर निभावत नाही, लिहिणे अर्ध्यावर तुटून डेटा जाऊ शकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या इलॅस्टिकसर्च ५.० ने या अटींची तपासणी सक्तीची केली. सर्व्हर बाहेरच्या पत्त्यावर ऐकू लागला की तो खऱ्या वापरात आहे असे धरले जाते, आणि अट अपुरी असेल तर तो सुरू होत नाही. त्यावर तेव्हा बरीच नाराजी झाली. एकच नोड असल्याचे जाहीर करून या तपासण्या टाळण्याची वाट आजही लोक एकमेकांना सांगतात. ती वाट विकसकाच्या लॅपटॉपसाठी आहे. लोकांचा डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरवर ती वापरणे बेजबाबदारपणाचे आहे, मग तसे करणारा कितीही अनुभवी असो.

आता कंटेनर. त्याच्या प्रतिमेत (इमेजमध्ये) जावा आहे, लायब्ररी आहेत, कॉन्फिग आहे. म्हणून यजमान यंत्राशी संबंध उरत नाही, असा समज आहे. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. मॅक्स मॅप काउंट ही यजमान कर्नलची किंमत आहे आणि ती कंटेनरागणिक वेगळी ठेवता येत नाही. म्हणून डॉकरमध्ये इलॅस्टिकसर्च टाकणाऱ्यालाही यजमानावर जाऊन ती वाढवावीच लागते, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती टिकेल अशी नोंद करावी लागते.

कंटेनरची दुसरी अडचण मेमरीच्या मर्यादेची. ही मर्यादा कर्नल सीग्रुप नावाच्या यंत्रणेने घालतो. त्या यंत्रणेची दुसरी आवृत्ती फेडोरा ३१ ने २०१९ मध्ये आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ने २०२२ मध्ये मूळ पर्याय म्हणून स्वीकारली. जावा १५ ला ती समजते. जुन्या शाखांना ती समज मागाहून आली: जावा ११ ला ११.०.१६ मध्ये, जावा ८ ला अपडेट ३७२ मध्ये. त्याआधीची जावा नव्या यजमानावर टाकली तर तिला कंटेनरची मर्यादा दिसतच नाही. ६४ जीबी रॅमच्या यंत्रावर ८ जीबीचा कंटेनर असेल आणि हीप स्पष्टपणे ठरवलेला नसेल, तर ती एकूण रॅमच्या पाव हिश्शाने, म्हणजे १६ जीबीपर्यंत हीप धरते. भार वाढताच कर्नल प्रक्रियाच मारून टाकतो आणि जावाच्या लॉगमध्ये कारण सापडत नाही. इथे प्रतिमा तीच, सॉफ्टवेअर तेच. बदलला फक्त यजमान. ज्याच्यापासून कंटेनर वाचवणार होता, नेमका तोच.

शेवटचा आणि सर्वांत बळकट आक्षेप असा: इंडेक्स हा मूळ डेटापासून काढलेला असतो, बिघडला तर पुन्हा बांधावा, त्यासाठी एवढी काटेकोरी कशाला? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण अनेक ठिकाणी तो खरा आहे. मागे मूळ डेटाबेस शाबूत असेल आणि पुन्हा बांधायला एक रात्र पुरत असेल, तर धोका आटोक्यातला आहे. पण तसे नेहमी नसते. भारतातल्या विद्यापीठांत आणि ग्रंथालयांत डीस्पेस हे भांडार-सॉफ्टवेअर बरेच वापरले जाते. मराठीसह अनेक भाषांतले पीएचडी प्रबंध जिथे साठवले जातात ते इन्फ्लिबनेटचे शोधगंगा भांडारही त्यावरच उभे आहे. डीस्पेस ६ मध्ये सोलर ४ आतच, टॉमकॅटमध्ये चालत असे. डीस्पेस ७ ला जावा ११ आणि स्वतंत्रपणे बसवलेला सोलर ८ लागतो. शोधाचा इंडेक्स डेटाबेसवरून सहज पुन्हा बांधता येतो. वापराची आकडेवारी मात्र, म्हणजे कोणता प्रबंध किती वेळा पाहिला गेला ही नोंद, सोलरमध्येच साठते. ती आधी निर्यात करून नव्या सोलरमध्ये आयात करावी लागते, कारण सोलर ८ ला सोलर ४ चा इंडेक्स वाचता येत नाही. पूर्वअटींचे पान न वाचता जुने सर्व्हर पुसणाऱ्या ग्रंथालयाची कित्येक वर्षांची आकडेवारी पुन्हा कुठूनही उभी करता येणार नाही. लॉग साठवणाऱ्या इलॅस्टिकसर्च क्लस्टरांचेही तेच. मूळ लॉग फाइली कधीच पुसलेल्या असतात.

इंडेक्सच्या वयाची अट म्हणूनच सर्वांत कडक आहे. ल्युसीन आपली आणि लगेच मागची, अशा दोनच मुख्य आवृत्त्यांचा इंडेक्स वाचते. टप्प्याटप्प्याने अपग्रेड करत गेले की जुना इंडेक्सही पुढे सरकतो, असे पूर्वी लोक करत. ल्युसीन ७ पासून इंडेक्स मुळात कोणत्या आवृत्तीत जन्मला याची नोंद त्यातच ठेवली जाते, आणि ल्युसीन ८ सहाव्या आवृत्तीत जन्मलेला इंडेक्स उघडायला नकार देते, मधल्या काळात तो कितीही वेळा नव्याने लिहिला गेला असला तरी. यामागे हट्ट नाही. जुन्या आवृत्तीने लिहिताना गाळलेली माहिती नव्या स्वरूपात कॉपी केल्याने परत येत नाही. म्हणून इलॅस्टिकसर्च ८ वर जाणाऱ्याला आधी ७.१७ वर यावे लागते, आणि इलॅस्टिकसर्चच्या सहाव्या आवृत्तीत तयार झालेले इंडेक्स तिथेच नव्याने बांधावे लागतात. परतीचा रस्ता तर नाहीच. नव्या आवृत्तीने डेटा फोल्डरला एकदा हात लावला की जुनी आवृत्ती त्यावर चालत नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मान्य करायला हवा. पूर्वअटींच्या पानावर तीन वेगळ्या गोष्टी एकाच तक्त्यात कोंबलेल्या असतात: ज्याशिवाय सॉफ्टवेअर चालणारच नाही अशी तांत्रिक किमान अट, ज्ञात दोषामुळे टाळायच्या आवृत्त्या, आणि उत्पादकाने स्वतः तपासून पाठिंबा दिलेल्या वितरणांची यादी. तिसऱ्या यादीत नाव नसलेल्या लिनक्सवरही सॉफ्टवेअर अनेकदा उत्तम चालते, आणि तिथे व्यापारी सोयीचा भाग असतो हे खरे. ही सरमिसळ उत्पादकांची चूक आहे. तिच्यामुळेच वाचणाऱ्याला सगळेच पान सावधगिरीचे वाटते आणि तो कडक अटही सैल समजतो. प्रत्येक अटीशेजारी तिचे कारण एका वाक्यात लिहिले, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. पण तिसऱ्या यादीतल्या सैलपणाचा दाखला देऊन पहिल्या दोन याद्या मोडीत काढता येत नाहीत.

इन्स्टॉलेशन हाती घेणाऱ्यांनी म्हणून जावाचा पूर्ण अपडेट क्रमांक, यजमान कर्नलच्या मर्यादा, सीग्रुपची आवृत्ती आणि प्रत्येक इंडेक्सची जन्म-आवृत्ती काम सुरू करण्याआधी कागदावर उतरवून घ्यावी. चाचणीत पन्नास दस्तऐवजांऐवजी खऱ्या डेटाएवढा भार टाकावा आणि आधीच्या सर्व्हरचे निकाल नव्याशी ताडून पाहावेत. अपग्रेडच्या आधी स्नॅपशॉट घ्यावा, आणि तो दुसऱ्या यंत्रावर, जुन्याच आवृत्तीत, प्रत्यक्ष उतरवून पाहावा. काही बिघडले तर मागे येण्याचा तेवढा एकच मार्ग आहे.